सर खाकरले, भाव उतरला

नोकरीच्या मुलाखतीत सरांनी मला पहिला प्रश्न विचारला तो चकलीच्या सोऱ्याबद्दल.

मी प्रमाणपत्रांची फाइल मांडीवर घेऊन बसले होते. ती त्यांनी उघडलीसुद्धा नाही. टेबलाच्या खणातून एक पितळी सोऱ्या काढला, त्याच्या ताटल्या टेबलावर खणखण ओतल्या आणि म्हणाले, "यातलं काय बदलते आन् काय बदलत नाई, सांग."

"ताटली बदलते. शेवेची, चकलीची, पापडीची. सोऱ्या तोच राहतो."

"सोऱ्या फुटला तं?"

"मग सोऱ्या बदलायचा."

"मंग काय बदलत नाई?"

"पीठ," मी म्हणून गेले.

"बेसनाच्या जागी भाजणी टाकली तं सोऱ्या रडते काय?"

माझं डोकं फिरलं. सावंगीहून ऑटोनं उन्हातान्हात आले होते, इस्त्रीचा ड्रेस घामानं भिजला होता, आणि हा गृहस्थ मला फराळाच्या भांड्यावरून उलटतपासणी करत होता. मी म्हटलं, "म्हणजे सगळंच बदलतं. तुम्हाला जे ऐकायचंय ते तुम्हीच सांगून टाका."

सर एकदम खूश झाले. एक ताटली उचलून तिच्या कडेवरून बोट फिरवत म्हणाले, "ही कड. याच्यात बसणारी कोणतीबी ताटली आणा, कुठूनबी आणा, सोऱ्याले काही फरक पडत नाई. पण कड बदलली का काम खल्लास. उद्यापासून येजो."

मुलाखत संपली. फाइल शेवटपर्यंत मांडीवरच होती.

आमचं ऑफिस वर्ध्यात एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली खताची पोती, वर आम्ही. काम होतं भाजीवाल्या शेतकऱ्यांच्या गटाचं. अल्लीपूर, गिरड आणि आसपासच्या गावांतले शेतकरी गटाच्या टेम्पोतून भाजी बाजारात पाठवायचे, आणि उद्या भाव चढता राहील की उतरता, टेम्पो गावात किती वाजता येईल, हे त्यांना रोज संध्याकाळी आमची यंत्रणा कळवायची. ती सगळी सरांनी उभी केली होती. एकच मोठा प्रोग्रॅम लिहिण्याऐवजी त्यांनी लहान लहान स्वतंत्र सेवा केल्या होत्या. एक भाव पाही, एक टेम्पोचा रस्ता आखी, एक वजनं सांभाळी, एक शेतकऱ्याला निरोप देई. या धंद्यात त्याला मायक्रोसर्व्हिसेस म्हणतात. आणि या सेवांना धरून ठेवणारी जी चौकट होती, तिच्यात प्रत्येक ठिकाणी खोबण ठेवलेली होती. खोबणीत बसेल तो सुटा भाग, म्हणजे प्लगिन, लावा, नको असेल तर काढा, दुसरा लावा. बाकीच्यांना पत्ताही लागता कामा नये. खोबणीचं माप म्हणजे सरांच्या भाषेत 'कड', आणि ती एका करारात लिहून ठेवलेली असे. प्लगिननं काय घ्यायचं, काय द्यायचं, एवढंच त्यात.

हे नुसतं कामापुरतं असतं तर मी त्यांना हुशार म्हणून सोडून दिलं असतं. पण सरांना ते वेड घरीदारी होतं. त्यांच्या चष्म्याची एक काडी काळी आणि एक तपकिरी होती. चपला दोन वेगळ्या जोडांमधल्या. स्कूटरचं तर विचारूच नका. हँडल एका कंपनीचं, सीट दुसऱ्या कंपनीची, आरसे कशाचे ते स्कूटरवाल्यालाही सांगता येत नसे. कुणी विचारलं, "सर, गाडी कोणती?" तर अभिमानानं सांगत, "नंबर आरटीओचा, बाकी सगळ्यायचं."

काकू, म्हणजे सरांच्या बायको, मला एकदा म्हणाल्या, "घरात एका भांड्याचं झाकण त्याच भांड्यावर नसते पाहा. म्या बोललं का म्हणतात, बसलं ना? मंग! एखाद्या दिवशी मलेच बदलीवर टाकतीन अन् म्हणतीन, पोळ्या तं येऊन राह्यल्या ना!"

"मंग शिकून घेतल्या ना म्या पोळ्या!" आतून सर ओरडले. खरंच शिकून घेतल्या होत्या. काकू माहेरी गेल्या की ते करतही. त्या पोळ्या मी खाल्ल्या आहेत, तेवढी एक जागा काकूंनी सोडू नये असं माझं मत आहे.

ऑफिसात दर शनिवारी सर सुट्टी द्यायचे. आम्हाला नव्हे, यंत्रणेतल्या एखाद्या भागाला. चहा घेता घेता विचारायचे, "आज कोणाले सुट्टी?" आणि आम्ही काही बोलायच्या आत एखादा चालता प्लगिन उपटून त्याच्या जागी बदलीचा लावायचे. आम्ही श्वास रोखून पडद्याकडे बघत बसायचो. एकदा गटाचे अध्यक्ष समोर बसलेले असताना त्यांनी भावाचा प्लगिन काढला. अध्यक्ष अल्लीपूरचे, भारदस्त, वांग्यांच्या शेतीत मुरलेले. त्यांच्या फोनवर आलं, 'आजचा भाव थोड्या वेळानं, तोवर कालचा पाहा.' अध्यक्ष म्हणाले, "सर, बिघडलं वाटते जी." सर म्हणाले, "बिघडलं असतं तं काहीच नसतं दिसलं. हे कालचं दाखवून राह्यलं ना? म्हणजे तब्येत चांगली हाय." अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

माणसांनाही तोच नियम. मी पहिल्या वर्षी एकही रजा घेतली नाही, कौतुक होईल अशी आशा होती. सरांनी बोलावून झापलं. "काऊन सुट्टी घेत नाई? तुझ्याशिवाय अडते काय इथं?"

"अडतं थोडं," मी जरा ऐटीत म्हटलं.

"मंग तू कामच चुकीचं करून राह्यली." आणि मला सक्तीनं हिंगणघाटला चुलत बहिणीकडे पाठवलं. तिथं मी रोज संध्याकाळी ऑफिसला फोन करून काही अडलं का विचारायची आणि काही अडलं नाही हे ऐकून हिरमुसायची. रागच यायचा मला त्यांचा. आपण असलो काय नसलो काय, असं कुणाला आवडतं? सरांना आवडायचं. निदान आम्ही तसं समजत होतो.

आता त्या निरोपाच्या भागाबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं रामायण तिथंच घडलं.

सुरुवातीला निरोप एसेमेसनं जात. पण ज्यांना भाजी सांभाळायची ते लोक फोनवरचं बारीक वाचत बसत नसत. मग सरांनी ठरवलं, फोनच करायचा. यंत्रणेनं आपोआप फोन लावायचा आणि शब्द जोडून निरोप ऐकवायचा. आवाज कुणाचा, तर "दोन दिवसासाठी माझा टाका, मंग पाहू." खाली खताच्या गोदामात शांतता असते म्हणून तिथं पोत्यांवर बसून त्यांनी एकेक शब्द मोबाइलवर बोलून ठेवला. नमस्कार जी. वांगे. भेंड्या. पालक. सांबार, कारण कोथिंबीर म्हटलं तर आमच्याकडे निम्मे लोक कोण ही बाई म्हणून विचारतील. सकाळी. सात. आठ. टेम्पो निघाला. भाव चढते. भाव उतरते.

ते दोन दिवस काही संपले नाहीत. चांगली काही वर्षं गेली. तालुक्यातल्या शेतकऱ्यांना दिवेलागणीला सरांचा फोन येई, आणि लोकांना तो सरांचाच फोन वाटे. काहीजण फोनशी बोलत. अल्लीपूरच्या एक आजी होत्या, सांबार आणि मेथी लावायच्या. त्यांचा मुलगा एकदा ऑफिसात येऊन हसत सांगत होता, "माय रोज म्हणते, हो बाप्पा, समजलं, तुमी जेवले का? अन् तिकडून तुमी म्हणता, टेम्पो निघाला." सर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

तो ठसकाच पुढं वाढला. आधी आवाज बसला, मग फाटला, मग सकाळी सुरू होऊन दुपारी संपायला लागला. सावंगीला डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरतंतूवर गाठ निघाली. साधी होती, जिवाला धोका नव्हता, पण काढावी लागणार होती. नंतर काही आठवडे एक शब्द बोलायचा नाही, आणि पुढं आवाज पहिल्यासारखा येईलच असं सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले.

ऑपरेशन चांगलं झालं. सर गळ्यात पाटी अडकवून ऑफिसात आले. फोनवर टाइप करा म्हटलं तर मान हलवायचे. पाटीवर खडूनं लिहायचे, पुसायचे, बाह्या पांढऱ्या करून घ्यायचे. आल्या आल्या पहिलं वाक्य लिहिलं, "माझा आवाज काढा मशिनीतून."

कारण होतं. गटातल्या लोकांनी सिमला मिरची आणि ब्रोकोली लावायला घेतली होती, आणि हे शब्द सरांच्या आवाजात नव्हते, आता होणारही नव्हते. आम्ही संगणकी आवाजाचा प्लगिन तयार केला. स्वच्छ, गोड, बाईचा आवाज. वाट्टेल तो शब्द म्हणायचा. करारात लिहिलेली प्रत्येक गोष्ट आम्ही तपासली. शेतकऱ्याचा नंबर बरोबर, भाजी बरोबर, वेळ बरोबर, चढ-उतार बरोबर. सगळं पास. सरांनी अंगठा वर केला आणि आम्ही त्या संध्याकाळी बदली केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसचे फोन वाजायला लागले ते थांबेचनात. त्या दिवशी वांग्यांचा भाव उतरणार होता. यंत्रणेनं तसं व्यवस्थित कळवलंही होतं. भाव उतरणार असला की शेतकरी भाजीचा तोडा एक दिवस पुढं ढकलतात. पण त्या सकाळी अर्ध्या तालुक्यानं वांगी तोडली. टेम्पोत पाय ठेवायला जागा नाही, बाजारात पोत्यांवर पोती, आणि जो तो फोनवर एकच विचारतो, "सर काऊन खाकरले नाई?"

मला वाटलं, कुणीतरी थट्टा करतंय. तिसऱ्या माणसानंही तेच विचारल्यावर मी सरांचा जुना आवाज लावून ऐकला. नमस्कार जी. मग घसा खाकरल्याचा आवाज. मग, भाव उतरते.

गोदामात बसून बोलताना 'भाव उतरते' हा तुकडा सरांनी सगळ्यात शेवटी केला होता. तोवर खताच्या धुळीनं घसा धरला होता, म्हणून आधी खाकरले आणि मग बोलले. ते खाकरणं त्या तुकड्यातच राहून गेलं. चढत्या भावाच्या तुकड्यात ते नव्हतं. आम्हाला ते इतक्या वर्षांत कधी जाणवलं नाही. शेतकऱ्यांना पहिल्या आठवड्यात जाणवलं असणार. 'नमस्कार जी'नंतर सर खाकरले की भाव उतरला, तोडा थांबवा, फोन खिशात टाका. नाही खाकरले की सकाळी माणसं लावा. पुढचं कुणी ऐकतच नव्हतं. नव्या आवाजातली बाई 'नमस्कार' म्हणाली, खाकरली नाही, लोकांनी फोन ठेवला आणि तोड्याच्या तयारीला लागले. बाकीच्यांनी फोन ठेवला तो वेगळ्या कारणानं. एकजण म्हणाला, "बाई इतकं गोड बोलत होती मॅडम, मले वाटलं आता ओटीपी मागन."

दुपारी अध्यक्ष वर आले. या वेळी चहा घेतला नाही. म्हणाले, "हप्ताभर पाहतो. जमलं तं जमलं. नाई तं लोकं जुन्या दलालाले फोन करायले मोकळे हायेत. मी कोणाकोणाले थांबवू?" आणि सरांच्या पाटीकडे बघून जरा नरमले. "सर, तुमचाच आवाज लावा ना परत. काय जाते?"

काहीच जात नव्हतं, तेच तर होतं. एक बटण दाबलं की जुना प्लगिन परत. ब्रोकोलीवाल्या चार लोकांना आम्ही वेगळा फोन केला असता. मी माउसवर हात ठेवला. सरांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि पाटीवर लिहिलं, "मस्त!" खाली दोन रेघा ओढल्या.

"काय मस्त?" मी ओरडलेच. "गट चाललाय सोडून!"

सरांनी पाटी पुसली. लिहिलं, "कड सापडली. न लिहिलेली." मग परत पुसून, "करारात टाक. उतार असन तं खाकरणे अनिवार्य."

"टाकते. पण तोवर तुमचा आवाज लावू द्या."

त्यांनी मान हलवली. खडू कराकरा वाजला. "आज लावान. उद्या? मेल्यावर बी कामाले लावान मले?"

मी उठले आणि खाली कृषी केंद्राच्या पायरीवर जाऊन बसले. मला रडू येत होतं, आणि ते वांग्यांसाठी नव्हतं. किती दिवस झाले, सरांचा आवाज कानावर पडला नव्हता. पुन्हा पडेल याची खात्री नव्हती. जगात तो आवाज आता एकाच ठिकाणी शिल्लक होता, आमच्या सर्व्हरमध्ये, आणि हे गृहस्थ तोच उपटायला निघाले होते. सोऱ्याच्या ताटलीसारखा. मला तो रोज संध्याकाळी हवा होता. माझ्यासारखाच काकूंनाही हवा होता. त्यांनी हळूच फोन करून सांगितलं, "फेकू नोको हं बाई. काढला असन तं मले पाठवजो." मी पाठवला. दुसऱ्या दिवसापासून काकूंचा फोन वाजला की भर बाजारात सर म्हणू लागले, "टेम्पो निघाला."

पण सरांचं म्हणणं बरोबर होतं, आणि हप्त्यातले दिवस जात होते. बरोबर असलेल्या माणसाशी भांडता येत नाही, हा एक वैताग असतो. मी वर गेले. करारात खाकरणं लिहिलं. संगणकी आवाजाला खाकरायला लावून पाहिलं, तर ते कुणीतरी कागद फाडल्यासारखं वाटलं. सरांनी कानावर हात ठेवले. मग पाटीवर लिहिलं, "माणूस पाहिजे," आणि त्याखाली थोडं थांबून, "गावागावाचा."

म्हणजे एका खोबणीत एकच आवाज कशाला? गाव बघून प्लगिन लागेल. अल्लीपूरला अल्लीपूरचा आवाज, गिरडला गिरडचा. लोकांच्या ओळखीचा माणूस बोलला की ओटीपीची भीती नाही. एकजण आजारी पडला तर दुसरा. नवीन भाजी आली तर त्यानं तो शब्द बोलायचा.

अल्लीपूरला आम्ही ग्रामपंचायतीच्या सभागृहात आवाजाची परीक्षा ठेवली. अध्यक्ष स्वतः पहिले बसले. भाषण बरं करायचे, पण खाकरा म्हटलं की लाजायचे. एका मास्तरांचं खाकरणं फार चांगलं होतं, पण ते थांबेचना. बाहेर गर्दी बघून मेथीच्या आजी आत आल्या. काय चाललंय विचारलं. आम्ही सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला, खाकरल्या आणि म्हणाल्या, "भाव उतरते." सभागृहातल्या एका म्हाताऱ्यानं सवयीनं हातातला फोन खिशात टाकला. निवड झाली.

रेकॉर्डिंग मात्र सोपं नव्हतं. मी म्हटलं, "आजी, म्हणा, वांगे."

"काय झालं वांग्याले?"

"काही नाही. नुसतं वांगे म्हणा."

"नुस्तं वांगे म्हटलं तं ऐकणाऱ्याले काय समजन? उतरले का चढले, सांगा लागते ना."

"ते दुसऱ्या वेळी म्हणायचं. आम्ही जोडू."

"तुमी काऊन जोडान? मीच पुरं सांगतो ना एका दमात!"

सर समोर उभे राहून दोन्ही हातांनी खुणा करत होते. एक बोट वर म्हणजे एकच शब्द, मूठ मिटली म्हणजे थांबा. आजी माझ्याशी भांडत आणि सरांचं ऐकत. तासाभरानं त्यांना खेळ कळला आणि मग त्यांनी न विचारलेल्या भाज्याही बोलून ठेवल्या. उठताना त्या सरांसमोर थांबल्या. रोज ज्याच्याशी फोनवर बोलत होत्या तो हा माणूस, हे त्यांना मुलानं सांगितलं होतं. त्यांनी सरांच्या गळ्यात अडकवलेल्या पाटीकडे पाहिलं आणि विचारलं, "लय दुखते का जी?" सरांनी मान हलवून नाही म्हटलं. "खोटं बोलून राह्यले," आजी मला म्हणाल्या.

त्या संध्याकाळी अल्लीपूरला आजींचा फोन गेला. भाव उतरणार होता. आजी खाकरल्या. सकाळी टेम्पोत नेमकी पाहिजे तेवढी पोती होती. पुढच्या दिवसांत एकेक गाव करत आम्ही सगळे आवाज बसवले, आणि हप्ता उलटल्यावर अध्यक्ष आले ते चहा मागतच आले. गट राहिला. गोड बोलणारी बाई शेवटच्या गावातूनही निघाली, आणि सरांचा जुना आवाज आता कुठंच लागणार नव्हता. मी एक प्रत माझ्याजवळ ठेवली, हे मी सरांना सांगितलं नाही.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली. आम्ही सगळे वाट बघत होतो. सर आले, पाटी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "चहा सांगा." आम्ही दचकलो. आवाज बारीक, हलका, एखाद्या नुकतंच मिसरूड फुटलेल्या पोरासारखा. त्यांनाही ते कळत होतं. सगळे फार उत्साहानं चहा सांगायला धावले.

त्यांनी गोदामात जाऊन सगळे शब्द पुन्हा बोलून आणले आणि मला म्हणाले, "आज अल्लीपूरले आजीले सुट्टी. माझा नवा लाव. कोणाले सांगू नोको."

मला त्यांचा बेत कळला. लोकांनी ओळखू नये असं त्यांना वाटत होतं. मला वाटत होतं, लोकांनी ओळखावं. फोन यावेत, सर आले, सर आले म्हणून गाव गोळा व्हावं. एवढी वर्षं रोज संध्याकाळी ज्या माणसानं त्यांना हाक मारली, त्याला कुणीतरी ओळखायलाच हवं होतं. मी प्लगिन लावला आणि दोघं वाट बघत बसलो.

सगळ्या अल्लीपुरातून एकच फोन आला. अध्यक्षांचा. मी स्पीकरवर टाकला.

"मॅडम, आज कोणता मुलगा ठेवला जी? बरा बोलते, समजलं सगळं. पण आमची आजीच राहू द्या. लोकायले तिची सवय झाली आता."

"बरं," मी म्हटलं.

"आन् सरची तब्येत कशी हाय? बोलाले लागले का नाई?"

सर माझ्यासमोर बसलेले. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मी म्हटलं, "लागले हळूहळू."

"काळजी घ्या म्हणा. त्यायच्यासारखा आवाज काई पुन्हा होणे नाई." फोन ठेवला.

मला सरांच्या चेहऱ्याकडे बघवेना. मी बघितलं तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते आणि ते हसत होते, दोन्ही एकदम. "पाह्यलं?" त्या बारीक आवाजात ते जवळजवळ ओरडले. "पुरा निघालो ना! कुठीच अडकून नाई राह्यलो!"

"तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"वाटते ना," सर म्हणाले. "लय वाटते. अन् खुशी बी लय झाली. आता सांग, कोणतं गाव रिकामं हाय?"

गिरड रिकामं होतं. तिथं आवाज देणारे किराणावाले नागपूरला मुलीकडे राहायला गेले होते, नवे शब्द बोलायला कुणी नव्हतं. सर म्हणाले, मला लावा. मी लगेच लावणार होते, तर म्हणाले, "असं नाई. परीक्षा घे. सगळ्यायची घेतली ना?" म्हणून मी, त्यांनीच नोकरीवर ठेवलेली मुलगी, त्यांना समोर बसवून परीक्षा घेतली. ते बरेच घाबरले होते. पास केलं.

आता मी नागपूरला असते, मोठ्या कंपनीत. इथं एक स्क्रू हलवायचा तर तीन बैठका होतात. पण वर्धा सोडण्याआधीचा एक दिवस मला कायम आठवतो. गिरडहून एका शेतकरी बाईंचा फोन आला. टेकडीच्या पायथ्याशी त्यांचा टमाट्याचा मळा होता.

"मॅडम, तो तुमचा नवा पोरगा हाय ना, आमच्या गावाले फोन करणारा?"

"हो. काही चुकलं का?"

"चुकलं काही नाई. बाकी सगळं बरोबर सांगते बिचारा. पण टमाटे म्हणतानी घाई करते. आधा शब्द गिळूनच टाकते."

"सांगते त्याला."

"रागावू नोका पण. नवीन हाय, शिकन हळूहळू. त्याले म्हणा, घाबरत नोको जाऊ, आमी हावो."

मी फोन ठेवून मागं वळले. साठीला आलेले सर मोबाइल हातात घेऊन खाली गोदामाकडे निघाले होते आणि जिना उतरता उतरता, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून म्हणत होते, "ट-मा-टे. ट-मा-टे."